स्वस्त ॲडॅप्टर नेमके काय बदलतो?

आवाजाची वाट : लेखांक ९

आवाजाचे आकड्यांत रूपांतर कसे होते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. हे आकडे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात न्यायचे म्हटले की पहिली अडचण येते ती सॉकेटची. घरच्या सीडी प्लेअरच्या किंवा मिनिडिस्क रेकॉर्डरच्या पाठीवर आरसीएचे गोल भोक असते, नाहीतर ऑप्टिकलचे चौकोनी. स्टुडिओतल्या यंत्राला तीन पिनांचा एक्सएलआर लागतो. ही दोन टोके जोडायला निघालेल्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला म्हणतो, डिजिटल आहे, कुठलीही वायर चालते. दुसरा म्हणतो, भारी कन्व्हर्टर घेतल्याशिवाय हात लावू नका. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. या दोन जोडण्यांतला फरक दोन पातळ्यांवरचा आहे, एक विजेचा आणि एक माहितीचा. स्वस्त ॲडॅप्टर पहिल्या पातळीचे काम चोख करतो, दुसरीला तो स्पर्शही करत नाही. अडचण कोणत्या पातळीवरची आहे हे कळले, की किती खर्च करायचा हेही कळते.

मुळात या दोन जोडण्या सख्ख्या भावंडांसारख्या आहेत. व्यावसायिक जोडणीचे मानक ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन यांच्या सहकार्यातून आले आणि १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याला एईएस३ म्हणतात. घरगुती जोडणी सोनी आणि फिलिप्स यांच्या नावाने, एस/पीडीआयएफ म्हणून ओळखली जाते. पुढे आयईसी ६०९५८ या एकाच आंतरराष्ट्रीय मानकात दोघींना जागा मिळाली. दोघींतही प्रत्येक सॅम्पलसाठी ३२ बिटांची जागा असते आणि त्यांतले जास्तीत जास्त २४ बिट आवाजाला मिळतात. डाव्या-उजव्या सॅम्पलची मिळून एक फ्रेम होते. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असतील, तर दोन्हीकडे सेकंदाला ३०.७२ लाख बिट वाहतात. बिट लिहिण्याची पद्धतही एकच आहे. तीत व्होल्टेज वर गेले की खाली आले याला महत्त्व नसते, ते कधी बदलले एवढेच मोजले जाते. म्हणूनच एक्सएलआरच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना उलटसुलट जोडल्या गेल्या, तरी आकडे बिघडत नाहीत.

फरक आहे तो तारेवरच्या विजेत. एईएस३ मध्ये दोन तारांवर परस्परविरुद्ध सिग्नल जातो, त्याची पातळी २ ते ७ व्होल्ट असते, केबलचा इम्पीडन्स ११० ओम असतो आणि १०० मीटरपर्यंतची मजल अपेक्षित असते. घरगुती जोडणीत एकच तार आणि तिच्याभोवती जाळी असते, सिग्नल अर्ध्या व्होल्टचा, इम्पीडन्स ७५ ओमचा आणि पल्ला काही मीटरांचा. ॲडॅप्टरच्या नळीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, की ११० आणि ७५ ओमची सांगड बसते, दोन यंत्रांची अर्थिंग वेगळी राहते आणि बाहेरून वीजही द्यावी लागत नाही. व्यावसायिक बाजूकडून घरगुती बाजूकडे जाताना व्होल्टेज उतरवावे लागते. त्याला दोन-चार रेझिस्टर पुरतात. उलट दिशेने जाताना मानकच मदतीला येते. एईएस३ चा रिसीव्हर ०.२ व्होल्टचा सिग्नलही वाचू शकला पाहिजे, अशी अट आहे. त्यामुळे आखूड केबलवर घरगुती अर्धा व्होल्ट त्याला पुरतो.

मग नुसती वायर जोडली तर काय बिघडते? अंतर थोडे असेल तर बहुधा काहीच नाही. मात्र त्याचे कारण ‘डिजिटल म्हणजे बिनचूक’ हे नव्हे. ११० आणि ७५ ओमच्या सांध्यावर सिग्नलचा काही भाग माघारी फिरतो. हिशोब सोपा आहे : दोहोंतला फरक ३५, बेरीज १८५, म्हणजे सुमारे १९ टक्के व्होल्टेज परत जाते. केबलमधून सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. एक मीटरच्या केबलमध्ये हा प्रतिध्वनी जाऊन-येऊन १० नॅनोसेकंदांत शमू लागतो. मानकात सिग्नलच्या चढ-उतारालाच ५ ते ३० नॅनोसेकंदांची मुभा आहे, तेव्हा तो त्यातच विरून जातो. केबल १६ मीटरची असेल तर हीच फेरी १६० नॅनोसेकंदांची होते, आणि ४८ किलोहर्ट्झला सर्वांत अरुंद स्पंद असतो सुमारे १६३ नॅनोसेकंदांचा. म्हणजे प्रतिध्वनी नेमका पुढच्या चढ-उतारावर येऊन आदळतो. सॅम्पलिंग १९२ किलोहर्ट्झला नेले तर स्पंद चौपट अरुंद होतो आणि धोका आणखी कमी लांबीवर सुरू होतो. टेबलावर चालणारी वायर सभागृहात दगा देते, ती अशी.

दुसरा आक्षेप कानांच्या बाजूने येतो : स्वस्त ॲडॅप्टरने आवाज पातळ होतो, खोली हरवते. हा आक्षेप तपासता येतो. एकच तुकडा थेट जोडणीने आणि ॲडॅप्टरमधून असा दोनदा रेकॉर्ड करावा, संगणकावर दोन्ही सॅम्पल-बरोबर जुळवावेत, एकाचा ध्रुव उलटा करून बेरीज करावी. संपूर्ण शांतता उरली तर दोन्हींतला एकेक आकडा सारखा आहे. मग पातळपणा ॲडॅप्टरच्या माथी मारता येत नाही. सिग्नल खरोखर अपुरा पडतो तेव्हा आवाज पातळ होत नाही, टकटक ऐकू येते, आवाज तुटतो किंवा रिसीव्हर सिग्नल पकडतच नाही. या आक्षेपातला एक भाग मात्र खरा आहे. खराब जुळणीने स्पंदांच्या वेळेत किंचित डळमळ होते, तिला जिटर म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये फक्त आकडे साठवले जात असल्याने ती मागे राहत नाही. पण त्याच सिग्नलवरून वेळ घेऊन डीएसी, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे यंत्र, आवाज ऐकवत असेल आणि त्याचे क्लॉक सावरण्याचे सर्किट कच्चे असेल, तर ती आवाजात उतरू शकते. तिथे दोष ॲडॅप्टरइतकाच त्या डीएसीचाही असतो.

ॲडॅप्टरची खरी मर्यादा माहितीच्या पातळीवर आहे. आवाजाच्या बिटांबरोबर १९२ फ्रेममागे १९२ बिटांची एक नोंद जाते, तिला चॅनेल स्टेटस म्हणतात. तिचा पहिलाच बिट सांगतो की नोंद घरगुती आहे की व्यावसायिक, आणि पुढच्या बिटांचे अर्थ त्यानुसार बदलतात. घरगुती नोंदीतला तिसरा बिट कॉपीच्या परवानगीचा असतो. व्यावसायिक नोंदीत तीच जागा एम्फसिसच्या माहितीत मोडते. ट्रान्सफॉर्मर ही नोंद जशीच्या तशी पुढे ढकलतो. त्यामुळे एखादा घरगुती डॅट किंवा मिनिडिस्क रेकॉर्डर उत्तम सिग्नल मिळूनही रेकॉर्डिंग नाकारू शकतो, कारण एससीएमएस ही कॉपीवर बंधन घालणारी व्यवस्था तो पाळतो. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने ती घरगुती डिजिटल रेकॉर्डरांवर सक्तीची केली आणि व्यावसायिक यंत्रांना वगळले. अशा वेळी नोंद नव्याने लिहिणारे, वीज लागणारे यंत्रच हवे. ४४.१ चे ४८ किलोहर्ट्झ करायचे असेल तर सॅम्पल-रेट कन्व्हर्टर हवा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या टॉसलिंकमध्ये प्रकाश धावतो, तेव्हा तिथून तांब्याच्या तारेवर यायलाही वीज लागते. त्याच चौकोनी सॉकेटमधून एडॅटचे आठ चॅनेलही जातात. ती पद्धतच निराळी आहे, तिथे टॉसलिंकचा कन्व्हर्टर निरुपयोगी.

तेव्हा मैफलींच्या जुन्या डॅट किंवा मिनिडिस्क संगणकावर उतरवायच्या असतील, तर आधी तीन गोष्टी पाहा : केबलची लांबी, दोन्हीकडचा सॅम्पल-रेट आणि घेणारे यंत्र चॅनेल स्टेटसबाबत किती काटेकोर आहे. लांबी दोन-तीन मीटर, रेट सारखा आणि घेणारे यंत्र उदार असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा साधा ॲडॅप्टर घ्या आणि वाचलेले पैसे ७५ व ११० ओमच्या योग्य केबलवर खर्च करा. तिन्हींपैकी एखादी गोष्ट जुळत नसेल, तर मात्र स्वस्त ॲडॅप्टर बदलून दुसरा स्वस्त ॲडॅप्टर लावू नका. त्याने गुण येणार नाही. पुढच्या लेखांकात क्लॉकविषयी : दोन यंत्रांपैकी वेळ कोणी ठरवायची?