मेघातील यंत्रांचा कारभार

कोणतेही यंत्र विकत न घेता, ते कोणत्या इमारतीच्या कोणत्या मजल्यावर उभे आहे याची चौकशीही न करता, पडद्यावरील चार रकाने भरून एक संपूर्ण संगणक मिनिटभरात आपल्या ताब्यात घ्यावा आणि काम सरताच तितक्याच सहजपणे त्याचे नामोनिशाण मिटवावे, हा प्रकार आज एखाद्या लहानशा कचेरीतही नित्याचा झाला आहे. अशा संगणकास आभासी यंत्र म्हणतात; त्या धंद्यातली माणसे नुसते ‘व्हीएम’ म्हणून मोकळी होतात. त्याच्या जन्माचे कौतुक पुष्कळ होते, परंतु जन्मानंतरच्या सांभाळाविषयी, हिशेबाविषयी आणि विल्हेवाटीविषयी सहसा कोणी बोलत नाही. वस्तुतः या विद्येचा कस लागतो तो तेथेच.

कल्पना दिसते तितकी नवी नाही. ज्या काळी एका संगणकासाठी स्वतंत्र दालन लागे आणि त्याची किंमत ऐकून खजिनदारांची झोप उडे, त्या काळी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधकांनी एकाच यंत्रातून अनेक आभासी यंत्रे उभी करून प्रत्येक वापरकर्त्यास सगळे यंत्र आपलेच असल्याचा प्रत्यय देण्याची युक्ती साधली, आणि १९७२ साली ती ‘व्हीएम/३७०’ या नावाने ग्राहकांपुढे आली. पुढे संगणक स्वस्त होऊन टेबलाटेबलावर आले तेव्हा ही युक्ती काहीशी मागे पडली. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने तिला साध्या संगणकांवर नवा जन्म दिला, आणि ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने अशी यंत्रे तासाला दहा सेंट भाड्याने देण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, आणि अ‍ॅमेझॉनने पुढच्याच वर्षी मुंबईत आपली केंद्रे उघडल्यावर हा व्यवहार आपल्या उंबरठ्याशी आला.

या सर्वांच्या मुळाशी हायपरव्हायझर नावाची एक आज्ञावली असते. जुन्या वाड्याचा मालक जशी एकाच छपराखाली दहा बिऱ्हाडे वसवतो आणि प्रत्येकास आपले दार, आपली चूल व आपली जागा आखून देतो, तशी ही आज्ञावली मूळ यंत्राची स्मृती, तबकडी आणि प्रोसेसरचा वेळ वाटून देते. फरक एवढाच, की वाड्यातल्या बिऱ्हाडकरूला शेजाऱ्याचे भांडण ऐकू येते, येथे प्रत्येक यंत्र स्वतःला सर्वाधिकारी समजून चालते. तरीही शेजाराचा त्रास चुकत नाही. लिनक्सच्या ‘टॉप’ या आज्ञेने जो तक्ता उमटतो, त्याच्या वरच्या भागातील प्रोसेसरच्या ओळीच्या शेवटी ‘चोरीस गेलेल्या’ वेळाचा एक आकडा असतो: आपले यंत्र कामास सज्ज होते, पण हायपरव्हायझरने प्रोसेसर त्या क्षणी दुसऱ्यास दिला, असा त्याचा अर्थ. संकेतस्थळ विनाकारण मंदावले की जाणता कारभारी आधी हा आकडा पाहतो; तो सतत चढा असेल तर तो आपल्या आज्ञावलीत दोष शोधीत बसत नाही, यंत्र थांबवून पुन्हा सुरू करतो, म्हणजे बहुधा ते दुसऱ्या मूळ यंत्रावर जाऊन बसते.

यंत्र न थांबवताही ते हलवता येते, आणि मला या सगळ्या शास्त्रातील हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. यंत्र चालू असतानाच त्याची स्मृती पानापानाने दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यायची. दरम्यान जी पाने बदलली असतील ती पुन्हा उतरवायची. असे करता करता अगदी थोडी पाने उरली म्हणजे क्षणमात्र थांबून तेवढी शेवटची न्यायची आणि नव्या जागी काम पुढे चालू करायचे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००५ साली हे करून दाखविले, तेव्हा खंड अवघ्या ६० मिलिसेकंदांपर्यंत खाली आला होता. पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो.

पैशाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या सेवेवर यंत्राच्या आतून ‘शट डाउन’ केले की यंत्र बंद पडते, पण त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा राखलेलीच राहते आणि भाडे पूर्ववत चालू असते. ते थांबवायचे तर बाहेरून, कंपनीच्या नियंत्रण-पडद्यावरून, ती जागा मोकळी करावी लागते. अ‍ॅमेझॉनवर थांबवलेल्या यंत्राचे भाडे थांबते खरे, परंतु तबकडीचे चालू राहते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचेही, तो वापरात असो वा नसो, तासाला अर्धा सेंट. रक्कम क्षुल्लक वाटते. शंभर पत्ते वर्षभर पडून राहिले की ती चार हजार डॉलरांच्या पलीकडे जाते.

बंदोबस्ताची कथा निराळीच. नवे यंत्र सुरू करून त्याचे बाविसावे द्वार, म्हणजे दुरून आत शिरण्याचे दार, सर्व जगास उघडे ठेवावे आणि तासाभराने नोंदवही पाहावी: ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावे सांगत कोणी कोणी दार ठोठावून गेलेले दिसतात. ती माणसे नव्हेत, अहोरात्र फिरणाऱ्या आज्ञावल्या. म्हणून परवलीच्या शब्दाऐवजी किल्ली वापरणे आणि ते दार ठरावीक पत्त्यांपुरतेच उघडे ठेवणे, हा शिरस्ता पहिल्याच दिवशी पाळावा लागतो. असे शिरस्ते दर वेळी हातांनी पाळण्याऐवजी यंत्रांची सगळी घडणच एका फाइलीत लिहून ठेवण्याची चाल आता रूढ झाली आहे, आणि ती उत्तमच आहे. पण मध्यरात्री काहीतरी बिघडते, कोणीतरी घाईत थेट यंत्रावर दुरुस्ती करते, फाइल तशीच राहते, आणि त्या दिवसापासून दप्तर एक सांगते व वस्तुस्थिती दुसरेच.

दप्तर जेथे मुळातच नसते तेथे बेवारस यंत्रे साचतात. ती कोणी, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या मंजुरीने उभी केली हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. यंत्रावर ‘टेस्ट-टू-न्यू’ असले नाव असते आणि काढून टाकण्याची कोणाचीच छाती होत नाही. अशा वेळी मुरलेले कारभारी एक जरा निर्दय उपाय योजतात: प्रथम तबकडीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची प्रत, घ्यायचा, मग यंत्र गाजावाजा न करता थांबवायचे, आणि कोण ओरडत येते याची वाट पाहायची. दोन-चार आठवडे कोणी आले नाही तर यंत्र काढून टाकतात, स्नॅपशॉट मात्र ठेवतात; कारण वर्षातून एकदाच, मार्चअखेरच्या हिशेबासाठी लागणारे यंत्र एप्रिलमध्ये थांबवले, तर त्याचा मालक ओरडायला पुढच्या मार्चपर्यंत येत नाही.