रोबो घडताना – लेखांक ५ : आधी प्लायवूड, मग ॲल्युमिनियम

मागच्या लेखांकात खेळाची नियमपुस्तिका कशी वाचायची आणि गुणांच्या हिशेबाने रोबोला कोणती कामे यायला हवीत, हे कसे ठरवायचे ते पाहिले. आता बांधणीकडे वळू. इथे मार्गदर्शकापुढे पहिला प्रश्न येतो तो स्वतःच्याच हातांचा. मुले काही चुकीचे जोडताना दिसली, तर मध्ये पडायचे की नाही? मोठ्या शालेय स्पर्धांनी या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे दिली आहेत. डीन केमेन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. तिची हायस्कूलची स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशरमध्ये २८ संघांनिशी सुरू झाली. या स्पर्धेत इंजिनिअर मुलांच्या खांद्याला खांदा लावून काम करू शकतात, कारण इंजिनिअर कसा विचार करतो हे मुलांनी जवळून पाहावे, हीच त्यामागची कल्पना आहे. ‘व्हेक्स’ स्पर्धेचे धोरण वेगळे आहे. रचना, बांधणी, प्रोग्रॅमिंग सारे विद्यार्थ्यांनीच करायचे आणि मोठ्यांनी फक्त शिकवायचे. पाना कोणाच्या हातात आहे यावर हा वाद घुटमळत राहतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की चूक कधी उघडी पडते. ती लवकर आणि स्वस्तात उघडी पडेल अशी सोय करून ठेवणे, हे यांत्रिक बाजू शिकवणाऱ्याचे मुख्य काम आहे.

सर्वांत स्वस्त चूक कागदावर सापडते. समजा, ९० सेंटिमीटर लांबीच्या हाताने टोकाशी ३ किलोची वस्तू उचलायची आहे. हाताचे स्वतःचे वजन २ किलो आहे आणि ते त्याच्या मध्यावर आहे असे धरू. हात आडवा असताना सांध्यावर साधारण ३५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ‘फर्स्ट’च्या स्पर्धेत वर्षानुवर्षे सर्रास वापरलेली ‘सिम’ मोटर जाम होण्याच्या क्षणी सुमारे २.४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. मुले ३०:१ चा गिअरबॉक्स निवडतात, ७२ हा आकडा मिळवतात आणि गरजेच्या दुप्पट ताकद आहे म्हणून निश्चिंत होतात. पण गिअर आणि चेनमधल्या घर्षणात ३० टक्के गेले असे धरले, तर हाती उरतात ५०. म्हणजे मोटरला आपल्या कमाल ताकदीच्या ७० टक्क्यांवर राबावे लागणार. जाम झालेली सिम १३१ अँपिअर ओढते, त्या हिशेबाने इथे ९० अँपिअरच्या आसपास करंट जाणार, आणि तिच्या वाटेवरचा ब्रेकर आहे ४० अँपिअरचा. हात दोन-चार वेळा उचलेल, मग ब्रेकर पडेल, आणि तोही बहुधा सामना रंगात आलेला असताना. गिअरबॉक्स १००:१ केला की हाच करंट तिशीच्या आत येतो आणि तरीही हात अर्ध्या सेकंदाच्या आत पाव फेरा पूर्ण करतो. हे गणित दहावीच्या मुलाला झेपते. मार्गदर्शकाने उत्तर सांगू नये, पण हा कागद भरल्याशिवाय गिअरबॉक्सची ऑर्डर जाऊही देऊ नये. इतकी सक्ती मला रास्त वाटते.

कागदावर जे कळत नाही ते प्लायवूडवर कळते. ‘फर्स्ट’च्या २०२० च्या खेळात ७ इंच व्यासाचे फोमचे चेंडू उंच लक्ष्यात फेकायचे होते. फिरत्या चाकाखालून चेंडू दाबून सोडायचा हे सगळ्यांना सुचते. पण तो किती दाबायचा? कमी दाबला तर चाक नुसते घसरते, जास्त दाबला तर चेंडू अडकतो आणि चाकाचा वेगही पडतो. फोमचा हा स्वभाव सूत्रातून नेमका काढणे शाळेच्या पातळीवर जवळपास अशक्य आहे. म्हणून प्लायवूडच्या दोन बाजू कापायच्या आणि शाफ्टसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवायच्या. बोल्ट सैल करायचा, चाक पाव इंच खाली सरकवायचे, पुन्हा आवळायचे, दहा चेंडू फेकायचे आणि ते कुठे पडले ते वहीत लिहायचे. एका दुपारीत पाच-सहा मापे तपासून होतात. यातून एक अंतर मिळते, आणि ॲल्युमिनियमवर पंच मारण्याआधी तेच अंतर हातात असायला हवे. जो सांगाडा फेकूनच द्यायचा आहे, त्यावर मुले बेधडक ड्रिल चालवतात आणि मोठ्यांचेही हात आपोआप मागे राहतात.

यावर पहिला आक्षेप संगणकाचा असतो. आता शाळांना चांगली कॅड सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मग लाकूड कापत कशाला बसायचे? कॅड हवेच. दोन भाग एकमेकांवर आपटणार का, पाना आत शिरेल का, हे तिथेच पाहावे. पण पडद्यावरचा शाफ्ट कधी वाकत नाही आणि पडद्यावरचा ग्रब स्क्रू कधी ढिला होत नाही. फोम किती दबेल हेही तिथे आपणच गृहीत धरलेले असते. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो वजनदार आहे. २०१९ पर्यंत ‘फर्स्ट’च्या स्पर्धेत खेळ जाहीर झाल्यापासून सुमारे सहा आठवड्यांत रोबो पिशवीत घालून सील करावा लागे. २०२० पासून ती अट गेली, तरी पहिला सामना डोक्यावर असतोच. नमुन्यांत आठवडा घालवणे तेव्हा चैन वाटते. पण नमुना टाळणाऱ्या संघाचा तो आठवडा वाचत नाही. तीच चाचणी पुढे पक्क्या यंत्रावर होते, आणि तेव्हा भोक सरकवायचे म्हणजे अख्खी पट्टी नव्याने करायची, त्यावरची वायरिंग उतरवायची आणि प्रोग्रॅमिंगच्या मुलांना ताटकळत ठेवायचे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. कुशल माणसाचे काम पाहूनही मूल घडते. ‘फर्स्ट’ची उभारणीच त्या विश्वासावर आहे, आणि कारागिरांच्या घरांत पिढ्यानपिढ्या हेच चालत आले आहे. लेथ, वेल्डिंग, करवत यांच्या बाबतीत मी हे पूर्ण मान्य करते. तिथे आधी मोठ्यांनी करून दाखवावे, आणि वेल्डिंग तर मोठ्यांनीच केलेले बरे. मात्र पाहून हात तयार होतो तसा निर्णय तयार होत नाही. खाच तीन इंचांची का ठेवली, हे तीन इंचांआधीची फसलेली मापे स्वतः लिहिलेल्या मुलीलाच परीक्षकांसमोर सांगता येते.

महाराष्ट्रातल्या शाळांना तर हा मार्ग अधिकच सोयीचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनच्या टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मोटरी येतात. मोठी रोबो-स्पर्धा खेळायची तर जादा मोटरी आणि गिअरबॉक्स महाग पडतात, पण प्लायवूडचे तुकडे जवळच्या सुताराकडे नाममात्र किमतीत मिळतात. प्रिंटरवर आठ तास एक ब्रॅकेट छापत बसण्याआधी तोच आकार पुठ्ठ्यात कापून जागेवर धरून पाहावा. पुठ्ठ्याला दहा मिनिटे पुरतात, आणि पानाच फिरवायला जागा नाही हे तेवढ्यात कळते. नमुना सलग वीस वेळा न अडता चालला, की ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर मार्किंग सुरू करायला हरकत नाही. त्या मार्किंगपासून नायलॉक नटापर्यंतचे काम पुढच्या आठवड्यात पाहू.