आधी किडा ओळखा, मग औषध!

वर्षाचे धान्य भरायला आणि किडामुंगी बाहेर पडायला मुहूर्त एकच, उन्हाळा! कुठे काही वळवळले की आपला हात आधी फवारणीच्या डब्याकडे जातो. पण प्रत्येक किड्याची खोड वेगळी, तसा उपायही वेगळा.

धान्यात

गहू-तांदळातला लांब सोंडेचा तपकिरी किडा म्हणजे सोंडा. मादी दाणा पोखरून आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणून तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातून महिन्याभराने सोंडे निघतात. मूग, चवळीवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर ती भुंगेऱ्याची अंडी.

गहू आणि कडधान्ये दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन वाजला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आत घाम धरतो. तांदूळ उन्हात तडकतो, त्याला सावलीतच पसरा. कडधान्याला किलोमागे लहान चमचाभर एरंडेल चोळा. जुन्या धान्यात नवे मिसळू नका.

आणि हे हात जोडून सांगणे: अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या धान्यात टाकू नका. "आम्ही तर दरवर्षी टाकतो, काही होत नाही," असं कुणी कितीही म्हणो! हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्याच्यावर उतारा नाही. बंद घरात झोपलेल्या माणसांचे त्याने प्राण गेले आहेत. किडलेले धान्य चाळता येते, निवडता येते, फार तर टाकून देता येते.

लाकडात

चौकटीवर मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी. फर्निचरखाली मैद्यासारखा भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. मातीची रेघ थोडी मोडून ठेवा. चार दिवसांत पुन्हा जोडली गेली, तर वाळवी आत जिवंत आहे. नुसत्या रेघा पुसून भागत नाही, कारण वारूळ जमिनीत असते. जाणकार माणूसच बोलवा.

झाडांवर

लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखे दिसले तर नीट पाहा, ती फुलपाखराची अळी असेल! मोठी झाली की ती हिरवी होते आणि पाने फस्त करते. हाताने वेचणे हाच उत्तम उपाय.

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्याची राखणही करतात. पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी घालून, ऊन उतरल्यावर फवारा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका हं. मावा खाऊन तो आपलेच काम हलके करतो.

वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे जमतात. त्यांच्याच अळ्या, म्हणजे हुमणी, पुढे झाडांची मुळे कुरतडतात. फांदी हलवून भुंगेरे खाली पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका.

फवारणीचे कुठलेही औषध स्वयंपाकघराबाहेर, कुलपात आणि मूळच्याच बाटलीत ठेवा. सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच नको!