फोनची झोप आणि दुकानाचा हिशेब

पौडच्या बाजारात आता भाजीवाल्यापासून कापड दुकानदारापर्यंत बहुतेकजण यूपीआयने पैसे घेतात. २०१६ साली ही पद्धत सुरू झाली. मात्र गिऱ्हाईक ‘पैसे पाठवले’ म्हणते आणि दुकानदाराच्या फोनवर खबर येत नाही, असा मामला वरचेवर घडतो. नाहक तंटा होतो, जुने गिऱ्हाईक दुखावते. अशा वेळी पुष्कळदा दुकानदाराचा फोनच झोपलेला असतो.

ही झोप काय चीज आहे? बॅटरी पुरावी म्हणून गुगलने २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ म्हणजे डुलकीची सोय केली. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो गल्ल्यावर तसाच पडून आहे, असे काही वेळ झाले की न उघडलेल्या अॅपचे इंटरनेट रोखले जाते. मधूनमधून थोडा वेळ वाट मोकळी होते, तेवढ्यात तुंबलेली कामे उरकतात. फोन जितका पडून राहील, तितकी ही वाट उशिरा उघडते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून खिशातल्या फोनलाही हलकी डुलकी लागते. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तर अॅपची प्रतवारी होते. रोजच्या वापरातल्या अॅपला मोकळीक मिळते, क्वचित उघडणाऱ्याला हात आखडता.

फोनकॉल आणि एसएमएस या झोपेत अडत नाहीत. ‘तातडीचा’ म्हणून पाठवलेला निरोपही सहसा पोहोचतो. परंतु काही कंपन्या आपल्या फोनमध्ये याहून कडक बंधने घालतात. पावसाळ्यात वीज गेली की आपण स्वतः ‘बॅटरी सेव्हर’ लावतो, त्याने निरोप आणखी लांबतात. मालेगाव-भिवंडीच्या व्यापाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला भावही मग उशिरा दिसतो.

व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात, फोन फक्त त्याची खबर देतो. खबर आली नाही म्हणून गिऱ्हाईकाला खोटे ठरवू नये. तसेच त्याच्या फोनवरचे चित्र पाहून माल सोडू नये, कारण असे चित्र बनावटही असू शकते. आपले अॅप स्वतः उघडून जमा रक्कम आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक पडताळावा.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये पेमेंटचे अॅप निवडून ‘बॅटरी’ या सदरात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावे. ‘ऑटोस्टार्ट’ची सोय असेल तर तीही चालू ठेवावी. ‘फोर्स स्टॉप’ केलेले अॅप पुन्हा उघडेपर्यंत मुकेच राहते, म्हणून ते बटण दाबू नये. ही सवलत दोन-तीन कामाच्या अॅपलाच द्यावी, सर्वांना दिल्यास बॅटरी दुपारीच संपेल. दुकानात फोन चार्जरला लावून ठेवला तर डोझ लागतच नाही. स्वतःचे सिम असलेला साउंडबॉक्स आपल्या फोनच्या झोपेवर अवलंबून नसतो. गर्दीच्या दुकानाला तो उपयोगी पडतो.