घरखर्चाचा हिशेब (लेखांक ७) : वाफेवर जाणारा गॅस

गेल्या आठवड्यात वाण्याच्या यादीवर लिहिलं, आणि लगेच ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं, “यादी आवरली, पण गॅसचं काय? सिलिंडर महिनाभरही पुरत नाही.” म्हणून आज ओट्याजवळच थांबू या.

गॅस वाचवायचा म्हटलं की घरात पहिली कुऱ्हाड स्वयंपाकावर पडते. एक भाजी कमी करा, संध्याकाळचा चहा बंद करा. त्याची काही गरज नाही. पदार्थ तेच, माणसंही तेवढीच ठेवून सिलिंडर जास्त दिवस चालवता येतो. फक्त गॅस कुठे जातो हे नीट पाहायला हवं.

एक लिटर साधं पाणी, म्हणजे २५ अंशांच्या आसपासचं, उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी पुढे आटवून संपवायचं तर आणखी ५४० किलोकॅलरी. म्हणजे सातपट! गॅसच्या भाषेत सांगायचं तर, चांगल्या शेगडीवर जवळपास दोन तृतीयांश उष्णता भांड्याला मिळते असं धरलं, तर लिटरभर पाणी उकळायला सुमारे १० ग्रॅम गॅस पुरतो आणि ते आटवायला जवळजवळ ७५ ग्रॅम जातो. आता यातली खरी गोम अशी की उघड्या भांड्यात उकळी फुटली की पाणी १०० अंशांच्या वर तापतच नाही. आच कितीही मोठी करा, बटाटा लवकर शिजत नाही. वाफ तेवढी जास्त होते. आपण पैसे भरतो ते बहुतेक याच वाफेचे.

हे गणित न मांडताही आपल्या आज्यांना कळलेलं होतं. माझी आजी फ्लॉवर-बटाट्याची भाजी फोडणीला टाकली की कढईवर ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पेलाभर पाणी ओतायची. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. आज त्याच्याकडे पाहिलं की त्यातलं शहाणपण दिसतं. वर जाणारी वाफ ताटलीच्या गार तळाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीत पडतात. वाफेतली उष्णता मात्र ताटलीतल्या पाण्यात उतरते. थोड्या वेळाने भाजी खाली लागेल असं वाटलं की तेच गरम पाणी भाजीत घालायचं. गार पाणी घातलं असतं तर उकळी बसली असती आणि ती पुन्हा आणायला गॅस जाळावा लागला असता. एकाच ताटलीने झाकणही झालं आणि पाणीही तापलं. एवढी सोपी आणि फुकटची युक्ती आपण विसरायला नको होती.

कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं आणि डाळ भराभर शिजते. पण आपण शिट्ट्या मोजतो, आणि तिथेच चुकतो. शिट्टी झाली याचा अर्थ आत पूर्ण दाब तयार झाला. त्यानंतर मोठ्या आचेवर होणारी प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली वाफ. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करावी आणि पुढे मिनिटं मोजावीत. अर्धा तास भिजवलेल्या तुरीच्या डाळीला माझ्याकडे सात-आठ मिनिटं पुरतात. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडू नये. ती आपोआप जिरू द्यावी, त्या वेळातही आत शिजणं चालूच असतं. आणि कुकरच्या कडेने फुसफुस वाफ येत असेल तर रिंग बदलायला टाळाटाळ करू नका. छोले, राजमा, हरभरे रात्रीच भिजत घालावेत. वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये एकावर एक लावण्याची आपली पद्धत तर उत्तमच आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ज्योत भांड्याच्या तळापलीकडे येत असेल तर ती स्वयंपाकघर तापवते. लहान पातेलं लहान बर्नरवरच ठेवावं. ज्योत निळी हवी. ती पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील तर बर्नरची भोकं साफ करा. दूध फ्रीजमधून थोडं आधी बाहेर काढा. आणि भाजी चिरून झाल्यावरच गॅस पेटवा.

आता सिलिंडर घेतानाची एक गोष्ट. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ते १५.९ असेल तर भरलेला सिलिंडर ३०.१ किलो भरला पाहिजे. दारात वजन करून मागणं हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला? मी एकदा संकोच केला. सिलिंडर आठवडाभर आधीच संपला आणि मग तक्रार करायला हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून मी काटा लावल्याशिवाय सिलिंडर आत घेत नाही.

आपल्यासारख्या घरांत यातून महिन्याला थोडे रुपये सुटतील. पण २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून ज्यांच्या घरी पहिल्यांदा शेगडी आली, त्यांतल्या कित्येकींना पुढचा सिलिंडर घ्यायचा तर मजुरीतून पैसे साठवावे लागतात. सिलिंडर संपला की त्या पुन्हा चुलीपुढे बसतात. तिथे चार दिवस जास्त चाललेला गॅस म्हणजे धुराविना चार दिवस. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना ताटलीतल्या पाण्याची आणि कुकरची ही गोष्ट जरूर सांगा.

नवा सिलिंडर जोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘गॅस लावला’ असं लिहा, आणि संपेल त्या दिवशीही खूण करा. असे दोन सिलिंडर जुन्या पद्धतीने आणि दोन नव्या पद्धतीने वापरून दिवस मोजा. पुढच्या आठवड्यात विजेच्या बिलातले टप्पे पाहू. १०० युनिटांनंतर दर बदलतो तो कसा, हे समजून घ्यायचं आहे. त्यासाठी गेल्या सहा महिन्यांची बिलं काढून ठेवा.