कथेतली जादू आणि मांत्रिकाचं अंग

नवोदितांच्या हस्तलिखितांत एक प्रकार हमखास आढळतो. मंत्र म्हटला की नायकाच्या नाकातून रक्त येतं. दिवा पेटवला तरी तेवढंच, डोंगर उचलला तरी तेवढंच! कामाचं आणि त्रासाचं नातंच नाही. मग वाचकानं घाबरायचं कशाला?

ब्रँडन सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) पोटातलं पोलाद 'जाळणारा' माणूस धातूची वस्तू दूर ढकलू शकतो. वस्तू हलकी असली तर ती उडते, जड असली तर तोच मागे फेकला जातो. वेगळी शिक्षा शोधावी लागत नाही.

आता आपणच एक जादू रचू या. मांत्रिक हात लावून पाणी उकळतो आणि त्याला लागणारी उष्णता त्याच्याच अंगातून जाते. बस्स, एवढा एकच नियम. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. एका भाकरीत याहून जास्त असतात म्हणाल. खरंय, पण भाकरी पचायला तास लागतात, मंत्राला क्षण. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून साधारण ५० किलोकॅलरी गेल्या की तापमान एक अंशानं उतरतं. म्हणजे पहिल्या लिटरला ३७ वरून साडेपस्तीस. हुडहुडी भरेल. दुसऱ्या लिटरला ३४. इथं बोटं आखडतात, जीभ जड होते, विचार अडखळतात. आणि मंत्र म्हणायचा कशानं? जिभेनंच ना! पाचव्या लिटरपर्यंत तो शुद्धीवर राहील याची खात्री नाही.

बाकीचं जग यातूनच निघतं. मांत्रिक शेकोटीजवळ बसणार, वजन राखून असणार, (हशा) आणि शहाणा शत्रू त्याला आधी नदीत ढकलणार.

उर्सुला ले ग्विन यांनी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त (१९६८) किंमत बाहेर नेली. तिथं एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचं अवर्षण ठरू शकतो. भरणारा परका आहे, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. मला स्वतःला हे अधिक भावतं.

शेवटच्या प्रकरणात मोह होतो. पाच लिटर हवंय, मग प्रेमाच्या बळावर नायिका ते उकळते. तसं केलंत तर आधीची सगळी हुडहुडी खोटी पडली. त्यापेक्षा तिला कुणाचा तरी हात धरू द्या. दोन शरीरं, म्हणजे लिटरमागे प्रत्येकी पाऊण अंश. पाच लिटरला दोघंही सव्वातेहतिसावर. बोबडी वळेल, पण जगतील. हात कशासाठी धरलाय हे त्या दुसऱ्याला ठाऊक आहे का, एवढं मात्र आधी ठरवा.

बरं, आता प्रश्न घेऊ या.