पडद्यावरील दरोडा आणि खतावणीतील दरोडा

बँकेवरील दरोड्याच्या चित्रपटांचा साचा आता इतका घोटीव झाला आहे की, पहिली दहा मिनिटे पाहून पुढचे सारे सांगता यावे. हॅरिसन फोर्डचा २००६ सालचा ‘फायरवॉल’ हा त्याचा चांगला नमुना होय. सिएटलमधील एका बँकेच्या संगणक-सुरक्षाप्रमुखाचे कुटुंब ओलीस धरले जाते. १०,००० बड्या खातेदारांच्या खात्यांतून प्रत्येकी १०,००० डॉलर, म्हणजे एकूण १० कोटी डॉलर, वळवून द्यावेत अशी मागणी होते. नायक फॅक्सयंत्राचा एक भाग मुलीच्या गाणी ऐकण्याच्या यंत्राला जोडतो आणि खातेक्रमांक टिपून घेतो. पुढे अर्थातच मारामारी.

गुणाकार बरोबर आहे. अर्थशास्त्र मात्र नाही. त्या १०,००० खातेदारांचे पुढे काय होणार, याची चित्रपटाला फिकीर नाही. वस्तुतः बँकेतील पैसा म्हणजे खतावणीतील नोंद. एका खात्याच्या नावे रक्कम पडली की ती दुसरीकडे कोठेतरी जमा व्हावीच लागते. म्हणून चोराची खरी अडचण कुलूप ही नसून जमेचे खाते ही असते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेचा पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधून काढण्यासाठी चोरांनी सुमारे ९५ कोटी डॉलरचे आदेश पाठविले. ते संगणकात शिरले होते हे खरे. पण त्यांनी अभ्यास केला होता तो सुट्ट्यांचा! आदेश गुरुवारी रात्रीचे. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्क बंद, सोमवारी मनिलात चिनी नववर्ष. मनिलातील बनावट नावांची खाती तर कित्येक महिने आधीच उघडून ठेवलेली होती. तेथे ८ कोटी १० लाख डॉलर पोहोचले आणि त्यांतील बरेचसे जुगारगृहांत गडप झाले. उरलेले बहुतेक आदेश का अडले? शाखेच्या रस्त्याचे ‘ज्युपिटर’ हे नाव निर्बंधांच्या यादीतील एका नावाशी जुळले म्हणून. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर ‘फाउंडेशन’ शब्दाचे स्पेलिंग चुकल्यामुळे वाटेत थांबले. कोणत्याही कारकुनाला हे वाचून समाधान वाटेल.

आपल्याकडेही हे घडले. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचा पैसा बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून निघू लागला. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकंदर रक्कम ९४ कोटी रुपयांच्या घरात. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागलेला नाही, असे बँकेने सांगितले.

“सर, मग गेले ते कोणाचे?” असा प्रश्न माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारला. सहकारी बँकेचा न भरून निघालेला तोटा आधी नफ्यावर आणि मग राखीव निधीवर पडतो. नफा घटला की सभासदाच्या लाभांशाला कात्री लागते. आणि सभासद म्हणजे बहुधा निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार, कर्जासाठी कधीकाळी चार शेअर घेतलेला कारकून. तिने ते वहीत उतरवून घेतले, आणि तिच्या वडिलांचेही कोणत्या तरी सहकारी बँकेत शेअर आहेत, असे सांगितले.